डोळे झाकू नका

१४ जुलै २०२४, उमरखेड

लग्नाला चारच महिने झाले होते. पुसदला जायला आम्ही इथल्या एस.टी. स्टँडवर उभे होतो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, बुटांच्या लेस सुटलेल्या दिसल्या तरी सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. तुटकी चप्पल घेऊन चारचौघांत उभं राहायचं म्हणून मला रडू यायच्या बेतात होतं. मधुसूदननी माझ्या पदराची पिन मागून घेतली आणि कडक इस्त्रीच्या पँटसकट तिथेच उकिडवे बसले. मान खाली, टाळूवरचा भोवरा मला वरून दिसत होता. अंगठा जोडून होईपर्यंत बस निघून गेली. पुढची येईस्तोवर आम्ही भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. बस्स, एवढंच. आज सकाळपासून तेच आठवतंय.

(या वहीत मी त्यांचं नाव लिहिते. तोंडाने आजही 'अहो'च म्हणते.)

काल ढाणकीला चुलत सासऱ्यांची तेरवी होती. अंगणात पंगत बसली होती. मधुसूदन आपल्या जागेकडे जात होते आणि त्यांचा पाय खेमसिंगांच्या वाढलेल्या पत्रावळीत पडला. नुसता लागला नाही. भातावर अख्खा पाय, वरण बोटांमधून वर आलं. मधुसूदन न्यायाधीश असताना खेमसिंग त्यांच्या कोर्टात बेलिफ होते. ते हसतच उठले, "साहेब, पाय धुवायचे होते तं पानी मागायचं ना!" पण मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "साहेबानं सकाळीच लावली वाटते."

ज्या माणसाने जन्मात सुपारी तोंडात टाकली नाही, त्याच्याबद्दल हे.

धाकटे दीर पुंडलिकराव ढाणकीजवळची घरची शेती बघतात. ते लालबुंद झाले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, दादाले कायले आनता अशा ठिकानी? घरी राहू द्या ना."

दोन वर्षांपासून पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू आहेत. फरक शून्य. हात थरथरत नाहीत, पण मागच्या मागे पडतात, तोडलेल्या झाडासारखे. जेवताना अर्धं अन्न ताटाबाहेर. मी म्हणते, "अहो, खाली बघून जेवा ना." ते म्हणतात, "बघतोच आहे." या उत्तराने मी सगळ्यात जास्त चिडते. एवढे हट्टी नव्हते हो ते आधी.

सिस्टर अगाथा म्हणायच्या, डायरीत खोटं लिहिणारी मुलगी स्वतःलाच पत्र पाठवते आणि पत्ता चुकवते. म्हणून लिहिते. काल मला त्यांची लाज वाटली.

२ ऑगस्ट

यवतमाळला जाऊन आलो. आता डॉ. स्वानंद टेंभेकरांना दाखवतो आहोत. मेंदूचे डॉक्टर, वय चाळिशीच्या आत, आणि फोनवर भलतेच प्रसिद्ध. दर रविवारी मराठीत छोटे व्हिडिओ टाकतात. झटका म्हणजे काय, लकवा आल्यावर किती लवकर दवाखाना गाठायचा, असं सगळं. बाहेर बसलेल्या एक बाई दाराकडे बघत शेजारणीला सांगत होत्या, "फोटोत जाडे दिसतेत, नाही?"

त्यांनी मधुसूदनना चालायला लावलं, वळायला लावलं, खुर्चीतून उठायला लावलं. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसले.

"काकू, थरथर नाही, औषधाला दाद नाही, आणि पडतात ते मागे. मला हे नेहमीचं पार्किन्सन वाटत नाही. काकांचा व्हिडिओ काढून टाकू का? देशभरातले आमचे लोक बघतात. कुणाला तरी सुचेल."

"चेहरा?"

"डोळ्यांवर पट्टी टाकतो. नावही नाही देणार."

मधुसूदन हळूहळू, एकेक शब्द ढकलत म्हणाले, "हिरॉइन... कोण?"

डॉक्टर खळखळून हसले. मी हो म्हटलं.

११ ऑगस्ट

आज सकाळी पुंडलिकरावांचा फोन.

"वयनी, दादाचा पिच्चर काढून राह्यले का तुम्ही?"

"कसला पिक्चर?"

"रजतच्या फोनवर आला. ढाणकीत पानठेल्यावर लोक पाहून राह्यले, बाप्पा!"

"पण चेहरा झाकला आहे ना, पुंडलिकराव."

"चेहरा झाकून काय होते? माह्या मोडक्या शिंगाच्या बैलाले गोनपाट पांघरून न्या गावातून. पोट्टं सांगन कोनाचा हाये ते. जनावर चालीवरून ओळखतेत, वयनी. मानूसबी."

फोन आपटला. रजत हा त्यांचा मुलगा. त्याच्या बायकोने, निकिताने, मला तो व्हिडिओ पाठवला. बघितला आणि अंगाची आग झाली. मधुसूदन भिंतीला धरून वळताहेत, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि मागे बासरी. खाली लिहिलंय, 'या आजोबांसाठी एक हार्ट होऊन जाऊ द्या.'

लगेच फोन लावला. "स्वानंद, बासरी कुणी लावली?"

"काकू... व्हिडिओचं काम बघणारा मुलगा वेगळा आहे, त्याने..."

"संमती तू घेतलीस की त्याने?"

तो म्हणाला, "मी घेतली. चुकलं माझं."

तो चुकलं म्हणाला म्हणून पुढे बोलले, नाहीतर विषय तिथेच संपवला असता. सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या पडण्याला संगीत लागत नाही. आणि यापुढे खालचा मजकूर आधी मला वाचून दाखवायचा, मराठी असो की इंग्रजी. तासाभरात बासरी गेली, हार्टही गेलं. व्हिडिओ मात्र राहू दिला. का राहू दिला, माहीत नाही. कदाचित मला अजून आशा होती.

मी रागाच्या भरात एकेरीवर आले हे नंतर लक्षात आलं. त्यानेही दुरुस्त केलं नाही. आता तसंच चालू दे.

१९ ऑगस्ट

स्वानंदचा फोन. आवाजात धाप. "काकू, केरळातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी व्हिडिओखाली एकच ओळ लिहिली आहे. पट्टी काढा, मला डोळे बघायचे आहेत. त्यांच्यामागून आणखी दोघांनी तेच लिहिलंय. मी तपासताना नजर वर आणि बाजूला फिरवून बघितली होती, खाली नीट बघितली नाही. माझंच चुकलं. तुम्ही आत्ता घरी करून बघता का?"

स्वयंपाकघरातून लिंबू आणलं. मधुसूदनच्या समोर धरलं. डावीकडे नेलं, डोळे गेले. उजवीकडे नेलं, गेले. वर नेलं, थोडे गेले. मग हळूहळू खाली, छातीशी, मांडीशी.

डोळे जिथे होते तिथेच.

"लिंबू कुठे आहे?" मी विचारलं.

"गेलं," ते म्हणाले. जणू ते जगातूनच गेलं होतं.

मी त्यांची मान दोन्ही हातांनी अलगद पुढे वाकवली. "आता?"

"आहे."

दोन वर्षं. 'खाली बघून जेवा' म्हणून दोन वर्षं मी त्यांच्या डोक्याशी भुणभुण केली. ते म्हणायचे, बघतोच आहे. ते बघतच होते. त्यांच्या जगात ताट नव्हतंच. खेमसिंगांचं पान नव्हतं, पायरी नव्हती, स्वतःचे पाय नव्हते.

माफी मागितली. त्यांनी हात वर करून पुरे म्हटलं. मग कपाटातली कायद्याची जाडजूड पुस्तकं टेबलावर रचली, त्यावर ताट ठेवलं, पार हनुवटीपर्यंत. वरण-भात एक शीत न सांडता जेवले. शेवटी म्हणाले, "आज... कायदा... कामी आला."

३० ऑगस्ट

आजाराला नाव मिळालं. 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी'. मेंदूच्या मुळाशी एक प्रथिन साचत जातं आणि आधी तोल जातो, मग नजर, मग बोलणं, मग गिळणं. स्वानंदने लपवलं नाही. "काकू, थांबवणारं औषध आज नाही. पण नाव बरोबर मिळालं, म्हणजे चुकीच्या गोळ्या बंद करता येतील आणि पुढचं आधी ठाऊक राहील."

मग म्हणाला, "एक मागणं आहे. दर महिन्याला काकांचा व्हिडिओ करू द्या. चेहऱ्यासकट. या आजाराची ओळखच डोळ्यांत आहे. मी पट्टी टाकली आणि आजारच झाकला. गावोगाव असे लोक असतील, त्यांचे चष्मे बदलत असतील, पार्किन्सनच्या गोळ्या वाढवत असतील."

"सांगते," मी म्हटलं. म्हणजे नाही, हे त्यालाही कळलं.

येताना गाडीत विचार करत होते. याचे व्हिडिओ लाखभर लोक बघतात. त्याला आणखी लाख हवेत का? माणूस चांगला आहे, पण चांगल्या माणसालाही टाळ्या आवडतात. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला फादरसुद्धा दोनदा वाकायचे.

५ सप्टेंबर

पुण्याहून मितालीचा फोन. सगळं सांगितलं, माझ्या शंका सांगितल्या, लोक काय म्हणतील तेही सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलतो हल्ली, जसे पाहुणे लहान मुलाच्या डोक्यावरून बोलतात.

दुपारी समोर बसून विचारलं. त्यांना ओठ जुळवायलाच वेळ लागतो. मग, "दाखव." थोड्या वेळाने, "पांढरा... शर्ट."

कपाट उघडलं तर पांढरा शर्ट इस्त्री होऊन आलेला. मी टाकल्याचं आठवत नाही. न्हावीही मंगळवारीच येऊन गेला, मला वाटलं गणपतीसाठी बोलावला असेल. बरंच झालं, आयती तयारी.

तर ठरलं. मी ठरवलं. चेहरा दाखवायचा.

२२ सप्टेंबर

व्हिडिओ आला. मजकूर मी लिहिला, स्वानंदने एकच शब्द बदलला, तोही विचारून. पांढऱ्या शर्टात मधुसूदन सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, लिंबू खाली जातं, डोळे जात नाहीत. गाणं नाही. फक्त आमच्या पंख्याचा आवाज.

खाली लोकांनी काय काय लिहिलं! एकाने, 'म्हाताऱ्याला तरी सोडा.' एकाने कसलासा काढा सुचवला. एक बाई म्हणतात, गेल्या जन्मी कुणाच्या ताटाला पाय लावला असेल. मी लिहिलं, 'याच जन्मी लावला, आणि ज्यांचं ताट होतं त्यांनी तो हसून सोडून दिला.' पण डॉक्टरही खूप आले. कोल्हापूर, गुवाहाटी, जबलपूर. 'आमच्याकडे असा एक रुग्ण आहे, आज त्याला परत बोलावतो,' असं तिघा-चौघांनी लिहिलं. ते वाचून मी उठून घरभर फेऱ्या मारल्या.

एक गंमत. हल्ली स्वानंदच्या प्रत्येक व्हिडिओला पहिला अंगठा एकाच माणसाचा असतो. नाव नाही, नुसता बैलजोडीचा फोटो, त्यातल्या एकाचं शिंग मोडकं. पहाटेच बघतो वाटतं. कोण कुठला सहृदय शेतकरी असेल! परका माणूस एवढं करतो, आणि सख्खे भाऊ महिनाभर अबोला धरून बसले आहेत.

संध्याकाळी मुकुटबनच्या विठ्ठलराव नावाच्या गृहस्थांचा निरोप आला. 'म्याडम, माझी मिसेस अशीच मागे पडते. आम्ही येऊ का?'

६ ऑक्टोबर

विठ्ठलराव पहाटे निघाले होते, जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाटा सांभाळायचे, आता घरीच असतात. सोबत विमलताई. दोनदा चष्मा बदलला, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मग मणक्याचे डॉक्टर, मग देवऋषी. पायरीवरून पडायच्या तर सून म्हणायची, मुद्दाम करतात.

मी दोघांच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या. खरं तर जागा कमी होती म्हणून. दोघांनाही खाली बघता येत नाही, मान वळवणं अवघड, म्हणून दोघं थेट एकमेकांकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने विमलताई म्हणाल्या, "तुमीबी पडता?"

"मागं," मधुसूदन म्हणाले.

"मीबी मागंच."

आणि दोघांच्या घशातून एक आवाज निघाला. चेहरे हलले नाहीत. विठ्ठलराव घाबरून उठले. मी म्हटलं, बसा, हसताहेत ते.

जेवायला दोघांची ताटं उंच ठेवली. विठ्ठलराव ताटाकडे बघतच राहिले. "एवढंच होतं का? एवढंच करायचं होतं?" म्हणाले आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

मग फोनवर स्वानंदला दाखवलं. विठ्ठलरावांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे होते कायनं?"

"काका, खरं सांगू? आम्हाला नीट माहीत नाही. जिवंतपणी आम्ही अंदाजच बांधतो. पक्कं कळतं ते माणूस गेल्यावर मेंदू तपासला तरच. आपल्याकडे मेंदू मिळत नाहीत. कुणी देत नाही, आम्हीही मागायला बिचकतो."

तो तेवढंच बोलला आणि त्याने विषय बदलला. पाहुणे गेले. मी भांडी आवरत होते.

"शोभा."

मी बाहेर आले.

"माझा... द्या."

२० ऑक्टोबर

स्वानंदला कळवलं तर तो आनंदला नाही, उलट स्वतः इथवर आला. दोन तास बसला. फोन खिशातून काढलासुद्धा नाही. चेहऱ्याला काही होत नाही, देह त्याच दिवशी घरी येतो, मेंदू बंगळूरच्या संशोधन संस्थेत जातो, शेवटच्या क्षणीसुद्धा नाही म्हणता येतं, हे सगळं मधुसूदनना एकेक करून सांगितलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "पुढे." कोर्टात साक्षीदाराला म्हणायचे तसं.

कायद्याने संमतीला मी आणि मिताली पुरे आहोत. पण आम्हाला मुलगा नाही. आमच्या घरात अशा वेळी अग्नी भावाच्या हातून. म्हणून पुंडलिकरावांना बोलावून घेतलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उभे राहिले.

"पुरा भाऊ द्या मले, तं अग्नी देतो. अर्धा नाई."

"अर्धा कसा, पुंडलिकराव? नाहीतरी राखच..."

"डोक्स्यातलं काढून बाटलीत भरायचं! तुमच्या कॉन्व्हेंटात हेच शिकवलं का, वयनी?"

चाळीस वर्षांत कधी असं बोलले नव्हते. चहा तसाच ठेवून गेले.

मी म्हटलं, "अहो, आपण करू. मिताली देईल अग्नी, आजकाल मुली देतात." माझा निश्चय झाला होता.

मधुसूदननी डोळे मिटले. "पुंडलिक... नाही... तर नको."

आता सगळं त्या एका माणसावर आलंय. रागही येतो आणि समजतही नाही काय करावं. स्वानंद म्हणाला, "काकू, त्यांच्यामागे लागू नका. नको म्हणाले तर नको." तो डॉक्टर आहे, त्याला असं म्हणावं लागतं. मी बायको आहे. मला माहीत आहे मधुसूदननी आयुष्यात स्वतःसाठी फार काही मागितलं नाही.

१२ नोव्हेंबर

आठवडाभर एकच धोशा, "शेत." शेवटी रजत गाडी घेऊन आला. बोलणं आता फार कमी झालंय. दोन शब्दांमध्ये एवढं अंतर पडतं की ऐकणारा मधेच उत्तर देऊन मोकळा होतो.

धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाखाली खुर्ची टाकली, मागून मी धरून उभी. कापूस एका अंगाने फुटलेला, वरची बोंडं हिरवी. पुंडलिकराव कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून चालत होते. आम्हाला बघून थबकले, पण कामाचं सोंग करत राहिले. झाडावरून एक बोंड तोडायचं, दोन्ही अंगठ्यांनी फोडायचं, आत बघायचं, टाकायचं. सगळेच करतात हे गुलाबी अळीसाठी. करत करत आमच्याजवळ आले.

"पुंडलिक." मधुसूदन म्हणाले. "बोंड... कसं हाये?"

मी चमकले. कोर्टात लागल्यापासून त्यांनी घरातसुद्धा वऱ्हाडी बोललेलं मला आठवत नाही.

"वरून तं मस्त हाये, दादा. काहीच दिसत नाई."

"मंग... फोडून... काहून राह्यला?"

"फोडल्याबिगर अळी कशी..."

पुंडलिकराव तिथेच थांबले. अर्धवट फोडलेलं बोंड हातात. मधुसूदन सरळ त्यांच्याकडे बघत होते. आता त्यांना दुसरीकडे बघताही येत नाही, पण त्या वेळी बघायचंही नव्हतं.

पुंडलिकरावांनी बोंड फेकलं आणि पाठ फिरवून कपाशीत चालत गेले, पार त्या टोकाला. पाठमोरे बसून राहिले. निकिताने चहा आणला, हाका मारल्या, आले नाहीत. आम्ही निघेपर्यंत आले नाहीत.

किती कठोर असावं माणसाने!

मधुसूदन मात्र गाडीत शांत झोपले.

२९ डिसेंबर

दीड महिन्यात वही उघडली नाही. गिळताना ठसका लागतो. पाण्यात पावडर घालून दाट करून देते. बोलणं गेलं. आता हो असेल तर माझी बोटं एकदा दाबतात.

व्हिडिओ दर महिन्याला चालूच. डिसेंबरचा टाकू का, स्वानंदने विचारलं. काका फार थकलेत, लोक घाबरतील, म्हणाला. मी मधुसूदनचा हात धरला आणि विचारलं. बोटं दाबली गेली. 'टाक,' मी सांगितलं. सुरुवात दाखवली तर शेवटही दाखवायला हवा. विठ्ठलरावांनी विमलताईंचाही करायला दिला आहे. चष्मा काढून, डोक्यावरचा पदर सावरून.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत. दुपारी पुंडलिकराव एकटेच मोटारसायकलवर आले. हातात तिळाचे लाडू. माझ्याकडे न बघता आत गेले, भावाच्या पलंगावर बसले. मी दारात.

"वयनी, मी देईन अग्नी."

मी पुढे होऊन त्यांच्या हातातले लाडू घेतले. बोलले असते तर बिघडलं असतं.

"पन एक अट हाये."

"सांगा."

"तो डब्बा कसा जाते बंगलूरले?"

"संस्थेची गाडी येते, म्हणाला डॉक्टर."

"दादाले एकट्याले नाई पाठवणार. मी बसीन गाडीत."

"पुंडलिकराव, अख्ख्या दिवस-रात्रीचा प्रवास. तुम्ही नांदेडच्या पुढे गेला नाहीत कधी."

"मंग जाईन ना! त्याच्याच निमित्तानं जाईन. मॅट्रिकच्या परीक्षेले मले सायकलीवर डब्बल सीट पुसदले घेऊन गेलता. तीन दिवस शाळेबाहेर बसून राह्यला. मी काय त्याले कोन्या ड्रायव्हरच्या हवाली करू?"

"आणि वाटेत कुणी विचारलं, डब्यात काय आहे, तर?"

"सांगीन, भाऊ हाये माहा."

मधुसूदनच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही आता. पण मी बघत होते. त्यांचा हात पांघरुणाखालून निघाला, पलंगावर चाचपडत सरकला, पुंडलिकरावांचा गुडघा सापडला तिथे थांबला. बोटं दाबली. पुंडलिकरावांना ती खूण कुणी सांगितली नव्हती. तरी ते म्हणाले, "हो हो, दादा. कळलं."

मी लगेच स्वानंदला फोन केला. तो म्हणाला, आजवर असं कुणी विचारलं नाही, विचारून सांगतो. संध्याकाळी उत्तर आलं. गाडीत एक नातेवाईक बसू शकतो.

२ फेब्रुवारी

मिताली, हे तुझ्यासाठी. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही, म्हणून आज शांतपणे लिहून ठेवते. यातलं सगळं बाबांना वाचून दाखवलं आहे आणि प्रत्येक ओळीला त्यांनी बोटं दाबली आहेत.

पहिला फोन स्वानंदला, दुसरा काकांना. बाकी नातलगांना नंतर. वेळ फार थोडा असतो, रडणं मागे ठेव. कुणी अंगणात वाद घालायला लागलं तर तू बोलू नकोस, काका बोलतील.

बाबांचे डोळे नेत्रपेढीला. बुबुळं उत्तम आहेत, स्वानंदने तपासली. ज्याला मिळतील तो सगळीकडे बघू शकेल.

मेंदू आधी दवाखान्यात औषधात ठेवतात, मग बंगळूरला. राख सावडून झाली की काका डबा घेऊन जातील. त्यांच्यासोबत निकिताला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायला सांग, त्यांना बाहेरचं सोसत नाही. एक स्वेटर दे. बाबांचा राखाडी चालेल.

देह काकांच्या हाती. राख पैनगंगेत, इथेच. लांब कुठे नेऊ नका.

सगळे व्हिडिओ स्वानंदकडे राहतील. बाबा गेल्यावरही काढायचे नाहीत, चेहरा झाकायचा नाही. शिकणाऱ्या मुलांना दाखवायला हवे तेवढे दाखवावेत.

उंच टेबल, चाकाची खुर्ची आणि पाणी दाट करायच्या पावडरीचे उरलेले डबे विमलताईंना, मुकुटबनला. वाट बघू नकोस, तेराव्याच्या आत पोचव. त्यांना तोवर लागतील.

कायद्याची पुस्तकं शेजारच्या गौरीला. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, काही जुनी झाली असतील पण समासातल्या बाबांच्या टिपा जुन्या झालेल्या नाहीत.

बाबांचा रेडिओ खेमसिंगांना. घड्याळ रजतला. माझ्या बांगड्या तुझ्या, त्या तर तुला माहीतच आहेत.

आणि एक. परवा स्वानंदला विचारलं की निरोगी मेंदूचा उपयोग असतो का. म्हणाला, असतो, तुलना करायला तोही लागतोच, आणि तो तर त्याहून मिळत नाही. माझं ठरलं आहे. माझी वेळ येईल तेव्हा माझाही तिथेच पाठव. काकांचं वय झालेलं असेल, त्यांना दगदग देऊ नकोस, गाडीत तू बस. तिथल्या लोकांना विचार, दोन्ही एका फळीवर ठेवता येतील का. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. पण विचार.